वजाबाकी

पेडण्याच्या स्टँडावर आम्ही सातजण असतो,
पिवळे मडगार्ड उन्हात, आम्ही वडाखाली.
लोक आम्हाला पायलट म्हणतात.
मोपाला उतरणाऱ्या त्या दुसऱ्या पायलटला
कुणी विचारत नसेल, "शंभराचं टाकू की पन्नासचं?"
मला उमाकांत रोज विचारतो, नळी हातात धरून,
आणि मी आकड्यांकडे न बघता
त्याच्या चपलांकडे बघतो.

शंभराचं पेट्रोल हल्ली टाकीचा तळ नुसता ओला करतं.
गाडी हलवली की आत आवाज होतो,
अर्धं पिऊन ठेवलेल्या शहाळ्यासारखा.

म्हणून धारगळच्या उतारावर मी इंजीन बंद करतो.
पहिल्यांदा एस्पेरान्सा बाय घाबरली,
"कितें जालें रे? बंद पडली?"
"नाही बाय, दम घेते."
आता तिला सवय झालीय.
इंजीन थांबलं की ती बोलायला लागते.
वीस वर्षं तिला शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला नेतोय,
तिच्या सुनेचं नाव मला यंदा कळलं.
उतार संपतो तिथे वाक्य अर्धं राहतं.
उरलेलं पुढच्या शुक्रवारी.

भाडं वाढवलं तर ती कदंबाची वाट बघत उभी राहील,
गुडघे धरून.
म्हणून मी तोंड उघडत नाही.
तीच छोट्या पाकिटातून दहाची नोट जास्त काढते.
मी नको म्हणतो, मग घेतो.
नको म्हणायला लागणारा वेळ
हल्ली कमी झालाय.

सत्यवतीचा हिशेब वेगळा.
तिचं माहेर बांद्याला, पत्रादेवीच्या पलीकडे.
तिकडे पेट्रोल महाग, इकडे स्वस्त,
म्हणून तिचा भाऊ न्हानू
दर शनिवारी टाकी भरायला गोव्यात यायचा.
पंपावरून थेट आमच्या अंगणात,
पिशवीत कधी कुळीथ, कधी आमसुलं.
बांगड्याचं हुमण भातावर ओतून घ्यायचा,
बोटं चाटत म्हणायचा,
"पेट्रोलाच्या निमित्ताने येणं होतं."
बहिणीकडे यायला निमित्त लागतं का?
लागत असेल.

मग इथला दर चढत गेला.
लिटरमागे नऊचा फरक होता, त्याचे सहा झाले,
सहाचे तीन.
न्हानूने मनात मांडलं असणार:
जाण्यायेण्याचं तेल, वर अर्धा दिवस मोडतो.
माणूस वाईट नाही.
त्याचाही टेंपो आहे, हप्ता आहे.
एका शनिवारी आला नाही.
दुसऱ्या शनिवारी फोन आला.
नंतर फोनच येत राहिला.

आता रात्री मी चिल्लर मांडून बसतो
आणि ती विचारते, "आज इथे किती झालं?"
थोड्या वेळाने, "आणि तिकडे?"
मग गप्प. ओठ हलतात.
वजा करून जे उरतं
त्यात ती भाऊ शोधते.

एकदा मी म्हणून गेलो, तिकडे वाढू दे की मग.
तिने भांडं आपटलं.
"असं बोलू नये. त्याने कुठून भरायचं?"

काल शनिवार.
तिने चार बांगडे घेतले, आम्ही दोघंच असून.
मी स्टँडावर सांगितलं, बांद्याचं भाडं आहे.
उमाकांतला म्हणालो, दोनशेचं टाक.
त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं.

ती मागे बसली, मांडीवर हुमणाचा डबा,
एक हात झाकणावर, एक माझ्या खांद्यावर.
तोरसेंच्या उतारावर मी इंजीन बंद केलं.
वारा, टायरांचा आवाज,
कुणाच्या तरी काजूच्या बागेत पेटवलेला पाला.
डबा खुळखुळत होता.

"असंच जाऊ दे जरा," ती म्हणाली.

पुढचा चढ इथूनच दिसत होता.
म्हटलं, जाऊ दे.